बाटली बदलली, तरी गोचीड का मरत नाही?



गेल्या काही महिन्यांत दोन-तीन हितचिंतकांनी एकच प्रश्न विचारला. पाड्यांवरच्या गाईबैलांसाठी गोचिडाच्या औषधाच्या बाटल्या घेऊन दिल्या, तर लोकांना उपयोग होईल का? प्रश्न मनापासूनचा आहे आणि त्याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हा लेख. मी पशुवैद्य नाही. शिकलो ते ईश्वरविज्ञान, आणि तेही पदविकेपुरते. पण इगतपुरी, त्र्यंबकेश्वर आणि पेठ तालुक्यांतल्या पाड्यांवर काम करताना गोठ्यात बसल्याशिवाय घरात बसता येत नाही. तिथे पाहिलेले, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून समजून घेतलेले आणि बाटलीवरच्या बारीक अक्षरांत वाचलेले असे तिन्ही येथे एकत्र मांडतो.

आधी हा विषय आपल्या त्रैमासिकात का, ते सांगतो. देवळाली कॅम्पात किंवा भगूरला चार म्हशी बाळगणाऱ्याची एक गाय गेली, तर त्याचे नुकसान होते, पण धंदा बसत नाही. पाड्यावर तसे नसते. तिथे योजनेतून किंवा बचत गटाच्या कर्जातून आलेली एकच संकरित गाय असते आणि तिच्या दुधावर मुलांची फी, किराणा आणि कर्जाचा हप्ता चालतो. त्र्यंबकेश्वरकडच्या एका पाड्यावर एका विधवा मावशींकडे अशीच एक जर्सी संकर गाय होती. पावसाळ्याच्या तोंडाला तिला ताप भरला, खांद्यापुढच्या गाठी लिंबाएवढ्या सुजल्या, चारा सुटला, धाप लागली. डॉक्टर पोहोचले तेव्हा डोळ्यांच्या आतली कातडी पांढरीफटक पडली होती. रक्ताचा नमुना काचेवर घेऊन तपासला, तर थायलेरिया निघाला. गाय वाचली नाही, कर्ज मात्र राहिले. मावशी मला म्हणाल्या, "दादा, औषध तर मारलं होतं की!" त्या खरेच बोलत होत्या. औषध मारले होते आणि गोचीडही तसेच होते.

हे कसे होते ते समजायला गोचिडाचे आयुष्य माहीत पाहिजे. आपल्याकडे गुरांवर मुख्यतः दोन जातींचे गोचीड त्रास देतात. एकाचे शास्त्रीय नाव रिपिसेफॅलस मायक्रोप्लस. हा निळसर-करडा गोचीड लहानपणी जनावरावर चढतो तो मोठा होईपर्यंत उतरत नाही. सहा पायांचे पिल्लू, मग आठ पायांचे मधले रूप, मग पूर्ण वाढलेला नर किंवा मादी, हे सगळे साधारण तीन आठवड्यांत एकाच गाईच्या अंगावर पार पडते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी मग खाली पडते, फटीत शिरते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. दुसरी जात हायलोमा. हिचे पाय पट्टेदार, चाल चपळ. हिची पिल्ले रक्त पितात, खाली उतरतात, भिंतीच्या भेगेत कात टाकतात आणि पुन्हा जनावर शोधून चढतात. म्हणजे हिच्या आयुष्याचा मोठा भाग गाईवर नसतो, गोठ्यात असतो. भुकेला गोचीड काही न खाता महिनोन् महिने फटीत दबा धरून राहू शकतो.

आता आपल्या पाड्यावरचे घर डोळ्यांपुढे आणा. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा गिलावा, एका बाजूला माणसे, दुसऱ्या बाजूला गुरे. गिलावा सुटला की कुडाच्या प्रत्येक काडीमागे गोचिडाला हक्काची जागा. गाईच्या अंगावर दिसतात ते थोडे. अंडी, पिल्ले आणि कात टाकणारे बाकीचे सारे कुडात. आपण गाईवर फवारतो आणि कूड तसाच राहतो. आठ-पंधरा दिवसांत गाय पुन्हा भरते आणि दोष औषधाला जातो. कधी तो दोष खराही असतो, पण त्याकडे पुढे येऊ.

ही कीड नुसते रक्त पीत नाही, आजारही देते. थायलेरिओसिस, म्हणजे ज्याला आपण गोचीड ताप म्हणतो, तो हायलोमा पसरवते. ताप 104 ते 106 अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो आणि गाठी सुजतात. बबेसिओसिसमध्ये लघवी लाल किंवा कोऱ्या चहासारखी होते. तो मायक्रोप्लस पसरवतो, आणि त्याचे जंतू मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतात. तिसरा ॲनाप्लाज्मोसिस. तिन्हींवर औषधे आहेत, पण तिघांची औषधे वेगळी. थायलेरियाला बुपार्व्हाक्वोन लागते, बबेसियाला डायमिनाझीन, ॲनाप्लाज्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन. म्हणून तापलेल्या गाईला अंदाजाने सुई टोचून घेऊ नये, आधी रक्त तपासून घ्यावे. दवाखाना लांब असेल तर 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मागणी नोंदवता येते.

गोचिडामुळे आजार होतो हे माणसाला कळले, त्याची गोष्ट आपल्या पाड्यांना फार जवळची आहे. अमेरिकेत टेक्सासची गुरे उत्तरेकडे हाकत नेली, की ती स्वतः ठणठणीत राहत आणि वाटेवरची उत्तरेची गुरे मात्र ताप येऊन पटापट मरत. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी 1893 साली दाखवून दिले, की हा रोग गोचिडातून जातो. कीटकासारखा बारीक प्राणी एका जनावराचा रोग दुसऱ्याला देतो, हे तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झाले. डासाचा आणि मलेरियाचा संबंध त्यानंतर उलगडला. टेक्सासची गुरे वासरूपणापासून गोचिडात वाढल्याने त्या रोगाला सरावलेली होती.

आपल्याकडे डांगी गाय आणि संकरित गाय यांचे हेच आहे. डांगी ही इगतपुरी, अकोले आणि डांगच्या डोंगरातली, धो धो पावसात काम करणारी जात. तिच्या कातडीला तेलकट स्राव येतो आणि पाणी अंगावर ठरत नाही. घोटीच्या बाजारात डांगी बैलाला अजून मान आहे. देशी जनावरांवर गोचीड कमी टिकतात आणि गोचीड तापही बहुधा सौम्य येतो. जर्सी किंवा होल्स्टीनचे रक्त आले की दूध वाढते आणि ही ताकद घटते. पण डांगी गाईवर गोचीड मुळीच नसतात असे नाही. ती जंतू अंगात बाळगून हिंडते, आणि तिच्याच दावणीला संकरित गाय बांधली की मावशींच्या गाईसारखे होते. संकरित गाय पाड्यावर देणाऱ्या प्रत्येक योजनेने (आमच्यासकट) गाईबरोबर गोचिडाचा हिशेबही दिला पाहिजे, असे माझे मत आहे.

आता औषधांकडे येऊ. बाजारात नावे पुष्कळ, पण गट मोजके. पहिला पायरेथ्रॉइडचा. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन आणि फ्लुमेथ्रिन हे तिघे एकाच घरातले. लोक दुकानात 'ब्युटॉक्स' मागतात ते डेल्टामेथ्रिन. फ्लुमेथ्रिन पाठीच्या कण्यावर मानेपासून शेपटीपर्यंत ओततात, ते कातडीच्या तेलातून अंगभर पसरते. दुसरा गट अमिट्राझचा. याचे वैशिष्ट्य असे, की गोचीड मरण्याआधीच पकड सोडून गळू लागतात. तिसरे आयव्हरमेक्टिन, कातडीखाली टोचायचे. याशिवाय ऑर्गॅनोफॉस्फेट नावाचा जुना आणि जास्त विषारी गट आहे.

बाटली बदलली तरी गोचीड का मरत नाही, याचे उत्तर इथे सापडते. एका पाड्यावर एक दादा सांगत होते, की त्यांनी दोन वर्षांत चार औषधे बदलली. चारही रिकाम्या बाटल्या त्यांनी कुडात खोचून ठेवल्या होत्या. लेबले वाचली, तर दोन डेल्टामेथ्रिनच्या, एक सायपरमेथ्रिनची आणि एक फ्लुमेथ्रिनची. चार कंपन्या, चार रंग, चार किमती आणि गट मात्र एकच. एका पायरेथ्रॉइडला जो गोचीड दाद देत नाही, तो बहुधा त्याच्या भावंडांनाही देत नाही. मोठ्या अक्षरातले नाव कंपनीचे असते. आपल्याला वाचायचे असते ते त्याखालचे बारीक नाव.

दाद न देणे म्हणजे काय? हजार गोचिडांत दोन-चार असे असतात, की त्यांच्या शरीराची घडणच विषाला पुरून उरते. काहींच्या मज्जातंतूंवर जिथे औषध चिकटायचे ती जागाच बदललेली असते, काही औषधाचे तुकडे करून टाकतात. पूर्ण मात्रेची फवारणी झाली तर फार थोडे वाचतात. पाणी जास्त घालून कमजोर केलेली फवारणी झाली तर अर्धवट ताकदीचेही वाचतात, आणि त्यांचीच हजारो अंडी कुडात जातात. असे वर्षानुवर्षे चालले की गावातले बहुतेक गोचीड त्याच वळणाचे होतात. 1889 साली पुण्यात सुरू झालेली आणि आज इज्जतनगरला असलेली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था या विषयावर बरीच वर्षे काम करते आहे. वेगवेगळ्या राज्यांतून आणलेल्या मायक्रोप्लस गोचिडांत डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनला प्रतिकार आल्याचे तिथल्या शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. गोचिडाची पिल्ले औषध लावलेल्या कागदाच्या पाकिटात 24 तास ठेवून किती मरतात ते मोजायचे, ही त्याची एक सोपी चाचणी. जगात हे नवे नाही. एकेकाळी गुरांना आर्सेनिकच्या, म्हणजे सोमलाच्या हौदातून पोहवत नेत. अमेरिकेने 1906 पासून याच मार्गाने दर काही दिवसांनी बुचकळून टेक्सास तापाचा गोचीड जवळजवळ संपवला. पण ऑस्ट्रेलियात 1930च्या दशकात आर्सेनिकलाही न जुमानणारे गोचीड निघाले. मग डीडीटी आले, मग ऑर्गॅनोफॉस्फेट, मग आजची औषधे, आणि प्रत्येकाची तीच गत झाली.

म्हणून औषध चालते की नाही हे ठरवायच्या आधी ते नीट मारले का, हे पाहावे. माझ्या पाहण्यात दहांतले सात-आठ घोटाळे इथेच होतात. माप म्हणून बाटलीचे बूच वापरतात, आणि प्रत्येक बाटलीचे बूच वेगळे. 12.5 टक्क्यांचे अमिट्राझ असेल तर लिटरला 2 मिली, आणि 1.25 टक्क्यांचे डेल्टामेथ्रिन असेल तर लिटरला 2 ते 3 मिली, असे साधारण प्रमाण आहे. लेबलवर वेगळे लिहिले असेल तर लेबल खरे. पाठीवरचा पंप 16 लिटरचा असेल तर लिटरला 2 मिलीने 32 मिली लागते. सुई काढलेली सिरिंज हे सर्वात स्वस्त माप. मोठ्या गाईला अंग पूर्ण भिजेपर्यंत तीन ते पाच लिटर द्रावण लागते. आपल्याकडे एका लिटरमध्ये दोन बैल आणि एक वासरू उरकतात.

गोचीड पाठीवर थोडेच असतात. ते कानाच्या आत, गळ्याच्या पोळीखाली, कासेभोवती, जांघेत आणि शेपटीच्या मुळाशी असतात. केसांच्या उलट दिशेने फवारले तरच औषध कातडीपर्यंत जाते. फवारणीआधी जनावराला पोटभर पाणी पाजावे, म्हणजे ते ओले अंग चाटणार नाही. शक्य तर मुसके घालावे आणि अंग वाळेपर्यंत ठेवावे. ऊन तापायच्या आत सकाळी किंवा संध्याकाळी मारावे. पाऊस येणार असेल त्या दिवशी मारू नये, धुऊन जाईल. जखम असेल तिथे आणि डोळ्यांवर मारू नये. अगदी लहान वासराला, गाभण किंवा आजारी जनावराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मारावे, कारण तेवढ्या काळात नवी पिल्ले चढून मोठी होत आलेली असतात. अमिट्राझचे द्रावण कालवले की त्याच दिवशी संपवावे, ठेवले तर निकामी होते. हेच औषध घोड्याला मात्र कधीही मारू नये. त्याचे आतडे बंद पडते. कॅम्पात टांग्याचे आणि लग्नाचे घोडे बाळगणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

योग्य माप, पूर्ण भिजवण आणि तरीही दोन-तीन दिवसांनी जिवंत, फुगत चाललेले गोचीड तसेच दिसले, तर औषधाला प्रतिकार आल्याचा संशय घ्यावा आणि गट बदलावा. पायरेथ्रॉइड असेल तर अमिट्राझ, असा बदल डॉक्टरांना विचारून करावा.

आयव्हरमेक्टिनविषयी दोन शब्द वेगळे, कारण 'एका सुईत काम' म्हणून ते लोकप्रिय होत आहे. त्याची मात्रा 50 किलो वजनाला 1 मिली. एकाच जनावरावर आयुष्य काढणाऱ्या जातीवर ते बऱ्यापैकी चालते, उतरून-चढणाऱ्या हायलोमावर तितके नाही. मुख्य म्हणजे ते दुधातून बरेच दिवस बाहेर पडत राहते, म्हणून दुभत्या गाईला ते देऊ नये. पाड्यावरचे दूध डेअरीत जाण्याआधी घरातल्या लेकराच्या वाटीत जाते. शेणातूनही ते उतरते आणि शेणकिड्यांची पिल्ले मारते.

सगळ्यात धोक्याची गोष्ट आता सांगतो. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर मजुरीला गेलेली माणसे परत येताना उरलेले फवारणीचे औषध बाटलीत घेऊन येतात. "बागेतली कीड मरते, मग गोचीड का नाही मरणार?" हा त्यांचा सरळ हिशेब. गोचीड मरतोही, पण त्यातली काही औषधे कातडीतून शिरून जनावराला आणि फवारणाऱ्याला सारखीच मारतात. एका पाड्यावर असे औषध चोळल्यावर तासाभरात बैल लाळ गाळू लागला, थरथरला आणि बसला. डॉक्टर वेळेवर आले, ॲट्रोपिनची इंजेक्शने दिली, बैल उठला. ज्या फडक्याने औषध चोळले ते फडके दोरीवर वाळत होते आणि खाली सहा वर्षांची मुलगी खेळत होती. ते आधी काढून पुरायला लावले. तणनाशक मारलेला पंपही जनावराला वापरू नये. उरलेले द्रावण ओहोळात ओतू नये, डेल्टामेथ्रिनच्या थोड्याशा मात्रेनेही मासे मरतात.

हाताने गोचीड काढून नखाने किंवा दगडाने चिरडण्याची सवयही सोडायला हवी. काँगो ताप नावाचा माणसाचा रोग हायलोमा गोचिडातून आणि चिरडलेल्या गोचिडाच्या रक्तातूनही होतो. भारतात तो पहिल्यांदा जानेवारी 2011 मध्ये गुजरातेत निदान झाला, आणि 2020 साली आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात प्रशासनाने त्याबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. जनावर अशा वेळी आजारी दिसतही नाही. काढायचेच तर हातात मोजा किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालून काढावे आणि रॉकेलच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकावे.

झाडपाल्याचे काय, असे आजी-आजोबा विचारतात. करंजाचे तेल आणि कडुनिंब यांनी गोचीड कमी होतात, पण परिणाम थोडे दिवस टिकतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही लसूण, कडुनिंब, हळद, वेखंड, घाणेरीचा पाला अशा पदार्थांचा लेप सुचवते. दोन फवारण्यांच्या मधल्या काळात याचा चांगला उपयोग होतो. सीताफळाच्या बियांची पूड मात्र जपून वापरावी, डोळ्यात गेली तर डोळा जायबंदी होतो. आणि कोंबड्या! गोठ्यात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या गाय बसली की तिच्या अंगावरून गोचीड टिपून खातात. पण फवारणीच्या दिवशी त्यांना कोंडून ठेवावे.

संकरित वासरांसाठी गोचीड तापावर रक्षाव्हॅक-टी नावाची लस आहे, दोन महिन्यांवरच्या वासरांना देतात. अडचण अशी, की ती द्रवरूप नत्राच्या टाकीत ठेवावी लागते. पाड्यापर्यंत ती टाकी आणायची, तर वीस-पंचवीस वासरे एकाच दिवशी एका जागी जमवावी लागतील.

तर मूळ प्रश्न, बाटल्या पाठवाव्यात का? नुसत्या बाटल्या पाठवू नयेत, असे मला वाटते. एका घराने फवारले आणि शेजारच्या दहा घरांनी नाही, तर गुराख्यामागे सगळी गुरे एकाच माळावर जातात आणि संध्याकाळी गोचीड वाटून घेऊन येतात. आम्ही यंदा दोन पाड्यांवर असे ठरवले आहे, की पावसाळ्याआधी एका ठरलेल्या सकाळी पाड्यावरची सगळी गुरे एकत्र भिजवायची आणि तीन आठवड्यांनी पुन्हा. त्याच दोन दिवशी घरोघरी कुडाचा सुटलेला गिलावा काढून भेगा बुजवायच्या, चुना मारायचा, जुने गवत आणि झाडलोट जाळायची. औषध कोणते, ते पशुधन विकास अधिकारी ठरवतील. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी जनावरांसाठीच राखून ठेवायचा एक-एक पंप, सिरिंजा, रबरी हातमोजे आणि चुन्याच्या गोण्या द्याव्यात. मावशींनी त्यांच्या रिकाम्या गोठ्याचा गिलावा आधीच काढायला घेतला आहे. पुढची गाय डांगी घ्यायची की संकरित, हे त्यांचे अजून ठरलेले नाही.